वैद्याचे शुल्क कोणाच्या खात्यात?

अमेरिकेतील बाल्टिमोर शहराचे व्यापारी जॉन्स हॉपकिन्स यांनी किराणा मालाच्या व्यापारात व रेल्वेच्या समभागांत विपुल धन मिळविले. ते अविवाहित होते. सन १८७३ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा मृत्युपत्रान्वये सत्तर लाख डॉलर विद्यापीठ व रुग्णालय यांसाठी ठेवलेले आढळले. दोन्ही संस्थांचे विश्वस्त मंडळ मात्र वेगवेगळे होते. रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले. पुढे रेल्वेच्या समभागांवरील लाभांश थांबला आणि वैद्यकीय महाविद्यालय रखडले. मेरी गॅरेट या धनवान महिलेने पाच लाखांचा निधी पूर्ण करून दिला, पण स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश मिळावा, ही अट घालूनच. १८९३ मध्ये महाविद्यालय उघडले.

खरा पेच पुढेच होता. तेथील नामांकित प्राध्यापक खासगी रुग्ण तपासून मोठे शुल्क घेत. हॉवर्ड केली यांचे तर स्वतःचे खासगी रुग्णालय होते. संस्थेच्या नावामुळे रुग्ण येई, पैसा मात्र प्राध्यापकाच्या खिशात जाई. व्यापारी मनुष्याला हा हिशेब चटकन उमगतो. १९११ मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी सुचविले की, प्राध्यापकांना पूर्णवेळ वेतन द्यावे. खासगी रुग्ण त्यांनी अवश्य तपासावेत, पण त्याचे शुल्क संस्थेकडे जमा व्हावे.

विरोध प्रखर झाला. विल्यम ऑस्लर तोवर ऑक्सफर्डला गेले होते, तरी तेथून त्यांनी विद्यापीठाच्या अध्यक्षांना पत्र लिहून कळविले की, अशाने प्राध्यापक प्रयोगशाळेत कोंडले जातील आणि बाहेरच्या वैद्यक व्यवसायाशी त्यांचा संबंध तुटेल. ऑस्लर यांचे म्हणणे केवळ स्वार्थाचे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. ते स्वतः तेथे परतणार नव्हते.

तरीही विल्यम वेल्च यांनी योजना पुढे रेटली. १९१३ मध्ये रॉकफेलर यांच्या जनरल एज्युकेशन बोर्डाने पंधरा लाख डॉलर दिले. औषधवैद्यक, शल्यचिकित्सा व बालरोग या तीन विभागांचे प्रमुख पूर्णवेळ झाले. लेवेलिस बार्कर यांनी खासगी व्यवसाय सोडण्यास नकार दिला. त्यांच्या जागी १९१४ मध्ये आलेले थिओडोर जेनवे यांनाही ती व्यवस्था मानवली नाही. १९१७ मध्ये त्यांनी पद सोडले आणि त्याच वर्षाअखेरीस त्यांचे निधन झाले.

पुढे हे कडक नियम सैल करावे लागले. १९६५ मध्ये मेडिकेअर कायदा आला आणि वृद्ध रुग्णांचे शुल्क शासनाकडून मिळू लागले, तशी अनेक महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या सामूहिक व्यवसायाची रीतसर मंडळे उभी राहिली. आलेली रक्कम एका ठिकाणी जमा करावयाची, त्यातून खर्च वजा घालून काही भाग विभागाला, काही अधिष्ठात्यांच्या निधीला आणि उरलेला वैद्यांच्या वेतनाला, अशी सर्वसाधारण रीत पडली. अधिष्ठात्यांच्या वाट्याला तेथील वैद्य आपापसांत ‘डीनचा कर’ म्हणतात.