डोंगरमाथ्याची मुदत

हवाई बेटांवरील मौना केआ हे नाव डिचोली-पेडण्याच्या वाचकास दूरचे वाटेल. परंतु त्या पर्वतापुढे आज जो प्रश्न उभा आहे, तो आपल्या डोंगरांना चांगलाच परिचित आहे. १९६८ साली हवाई राज्याने ४,२०५ मीटर उंचीच्या या पर्वताचा माथा वेधशाळांसाठी तेथील विद्यापीठास ६५ वर्षांच्या पट्ट्याने दिला. भाडे नाममात्र, वर्षाला एक डॉलर! ढगांच्या वरचे कोरडे, निर्मळ आकाश ज्योतिर्विदांना हवे होते. मूळ हवाईवासीयांना मात्र तो पर्वतच पूजनीय होता. तीस मीटर व्यासाच्या नव्या दुर्बिणीचे काम २०१९ साली सुरू व्हावयाचे, तेव्हा ते वाटेवर येऊन बसले आणि काम थांबले. या दुर्बिणीच्या योजनेतील भागीदारीस भारत सरकारने २०१४ साली मान्यता दिली होती, व पुण्याची ‘आयुका’ ही त्या कामातील एक संस्था. म्हणजे हा वाद अगदीच परक्यांचा नव्हे.

तो पट्टा ३१ डिसेंबर २०३३ रोजी संपतो. पुढे काय, हे विचारणे त्यामुळे सर्वांनाच भाग पडले आहे. २०२२ साली तेथील विधिमंडळाने पर्वताचा कारभार एका नव्या प्राधिकरणाकडे सोपविण्याचा कायदा केला. २०२४ साली एक जुनी वेधशाळा उतरवून तिच्याखालची जमीन पूर्ववत करण्यात आली. मुदतीला अखेर नसती, तर यातले कितपत घडले असते?

आमच्याकडे ती अखेरच नव्हती. पोर्तुगीज राजवटीच्या १९०६ च्या खाण कायद्यान्वये जी ‘कोंसेसांव’ दिली गेली, ती कायमची. ओसाड सरकारी जमीन लागवडीस देणाऱ्या आल्वारांची गोष्ट वेगळी. तेथे निदान पीक काढावयाचे असे. येथे डोंगरच काढून न्यावयाचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी पोलाद कारखान्यांची मागणी वाढली, आणि डिचोलीचे लोहखनिज नदीच्या बार्जेसमधून मुरगावकडे वाहू लागले. लईराईच्या जत्रेचे शिरगाव खाणींच्या खंदकांनी वेढले गेले.

१९६१ च्या मुक्तीनंतरही ही सवलत तशीच राहिली. १९८७ च्या मे महिन्यात संसदेने कायदा करून त्या ‘कायम’ सवलती रद्द केल्या व २० डिसेंबर १९६१ पासून त्या खाणपट्टे होत्या असे मानले. पट्टा म्हटला की मुदत आली. परंतु कागदावर आलेली मुदत डोंगरावर पोचण्यास फार काळ लागला. एकदाचे २० वर्षांचे नूतनीकरण धरूनही हे पट्टे २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपले होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी सांगितले. मधली बरीच वर्षे उत्खनन चालूच होते! त्यानंतर राज्य सरकारने ८८ पट्ट्यांचे पुन्हा नूतनीकरण केले. त्यातील काही तर खाण कायदा बदलणारा केंद्राचा वटहुकूम निघाला त्याच दिवशी, १२ जानेवारी २०१५ रोजी. न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी तेही रद्द ठरविले आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. ट्रक व बार्जेसवर ज्यांचे पोट होते त्यांच्या घरी त्या दिवसापासून जी ओढाताण सुरू झाली, ती हलकी लेखण्यासारखी नाही. दोष नूतनीकरणाला नित्याचा उपचार समजणाऱ्यांचा, आणि भुर्दंड मजुराला.

नव्या कायद्याने नूतनीकरणाची वाट मोडली: पट्टा ५० वर्षांचा, मग पुन्हा लिलाव. गोव्यातील पहिल्या लिलावात, २०२२ च्या अखेरीस, डिचोलीचाच खाणपट्टा गेला. त्यावर मुळगाव-शिरगावच्या ग्रामस्थांची मागणी साधी होती: आमची घरे, देवळे व शेते हद्दीतून वगळा. हद्द आखण्यापूर्वीच ती विचारली जावयास हवी होती.

पेडण्यात खनिजाऐवजी सपाटी कामास आली. मोपाचा सडा म्हणजे गुरांचे चरण, पावसाळ्यातील रानफुले आणि खालच्या झऱ्यांना पाणी पुरविणारा सच्छिद्र जांभा. त्यावरील विमानतळ खासगी कंपनीस बांधून चालविण्यास देण्याचा करार २०१६ साली झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. सड्यावरील धनगर कुटुंबांना वस्ती सोडावी लागली. सवलतीची मुदत ४० वर्षे, व पुढे आणखी २० वर्षे वाढविण्याची तरतूद. ती वाढ मागितली जाईल त्या वेळी आजची पेडण्याची मुले पन्नाशीकडे झुकलेली असतील, आणि मौना केआचा पट्टा संपूनही वीसेक वर्षे झालेली असतील.