कस्टम फील्डनुसार क्रमवारी

कस्टम फील्डनुसार क्रमवारी : संकेतस्थळावरील नोंदींना जोडलेल्या जादा माहितीवरून (तारीख, किंमत, अंतर इ.) त्यांचा क्रम लावण्याची पद्धत. ज्या नोंदींना ती माहिती जोडलेली नाही, त्याही यादीत राहिल्या पाहिजेत, हे या पद्धतीचे मुख्य पथ्य होय.

कारण : वर्डप्रेस प्रणालीत (पहिली आवृत्ती २७ मे २००३) मूळ नोंदी एका तक्त्यात, तर कस्टम फील्ड दुसऱ्या तक्त्यात साठवली जातात. फील्डचे नाव देऊन क्रम मागितला, की दोन्ही तक्ते ‘इनर जॉइन’ने जोडले जातात आणि दुसऱ्या तक्त्यात जोडीची ओळ नसलेली नोंद निकालातून गळते. चूक दाखवणारा संदेशही येत नाही.

उदाहरण : अंधेरी, घाटकोपर, बोरिवली व मुलुंड या मुंबईच्या उपनगरांच्या चार नोंदी ‘मेट्रो सुरू झाल्याची तारीख’ या फील्डनुसार लावायच्या आहेत. वर्सोवा–घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. ती अंधेरीवरून जाते. बोरिवली पश्चिम स्थानक २ एप्रिल २०२२ रोजी सुरू झाले. मुलुंडला २०२४ अखेरपर्यंत मेट्रो नव्हती, म्हणून त्या नोंदीला हे फील्डच जोडलेले नाही. क्रम लावताच यादीतून मुलुंड नाहीसे होते.

उपाय : ‘मेटा क्वेरी’त (कस्टम फील्डवरील अटींत) ‘एक्झिस्ट्स’ (फील्ड आहे) आणि ‘नॉट एक्झिस्ट्स’ (फील्ड नाही) या दोन अटी ‘ऑर’ने (किंवा) जोडाव्यात. मग प्रणाली जोडीची ओळ नसलेली नोंदही राखणारा ‘लेफ्ट जॉइन’ वापरते आणि चारही नोंदी येतात. आवृत्ती ४.२ पासून (एप्रिल २०१५) अटीला नाव देऊन त्यावर क्रम लावता येतो. ते नाव ‘नॉट एक्झिस्ट्स’ अटीचे असावे. अन्यथा मुलुंडच्या नोंदीतील भलत्याच फील्डचे मूल्य क्रमात शिरू शकते.

क्रम : फील्ड नसलेल्या नोंदीचे मूल्य ‘नल’ (रिकामे) धरले जाते. वर्डप्रेसचे तक्ते ज्यात असतात त्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये चढत्या क्रमात ‘नल’ आधी येतो, उतरत्या क्रमात शेवटी. म्हणून उतरत्या क्रमात बोरिवली पहिले आणि मुलुंड शेवटचे. अंधेरी व घाटकोपर यांची तारीख एकच असल्याने त्यांच्यासाठी शीर्षक हा दुसरा निकष द्यावा. तारखा वर्ष-महिना-दिवस अशा लिहाव्यात. संख्यांचा क्रम संख्या म्हणूनच मागावा. मजकूर म्हणून मागितल्यास १० हा ९ च्या आधी लागतो.

दक्षता : नोंद गळू नये म्हणून खोटी तारीख भरू नये, वाचक ती खरी मानतो. क्रम लावण्याआधी व नंतर नोंदी मोजाव्यात. चाराच्या तीन झाल्या, तर कोणते उपनगर सुटले ते आधी शोधावे.