अँटवर्पच्या वाटेवर बेळगावचा धावपटू

बीदर आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, येथपासून बेळगावपर्यंत पसरलेल्या मराठी-कानडी सीमाप्रदेशात लांबचा पल्ला पायी तोडणे ही नवलाची गोष्ट नव्हती. आषाढीला पंढरीची वाट धरणारा वारकरी किंवा डोक्यावर ओझे घेऊन बाजार गाठणारा शेतकरी यांच्या पायांतील बळ कोणी मोजले नव्हते. मोजण्याची गरजही कोणाला भासली नव्हती. या मातीतील पायांचे बळ जगाच्या घड्याळासमोर उभे राहिले ते १९२० साली, बेल्जममधील अँटवर्प येथे. त्या धावपटूचे नाव फडेप्पा दारेप्पा चौगुले, गाव बेळगाव.

या कथेचा आरंभ पुण्यात झाला. डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी तेथील क्रीडासामन्यांत खेडुतांना दगडाळ रस्त्यांवरून अनवाणी धावताना पाहिले. शास्त्रशुद्ध शिक्षण नाही, पायांत जोडे नाहीत. तरीही त्यांच्या वेळा युरोपियन धावपटूंच्या वेळांच्या जवळ येत होत्या. यांतील निवडक तरुण ऑलिंपिकला पाठवावेत, असे दोराबजींच्या मनाने घेतले आणि खर्चाचा मोठा भारही त्यांनी उचलला. त्या काळचे अज्ञान किती होते, याची एक आठवण त्यांनीच नमूद केली आहे. शंभर मीटरच्या शर्यतीत पात्र ठरण्यास किती वेळ लागावा, असे त्यांनी एका पुढाऱ्यास विचारले. 'एक-दोन मिनिटे,' हे उत्तर आले! प्रश्न मिनिटांचा नसून सेकंदाच्या दहाव्या भागाचा आहे, हे ऐकून ते गृहस्थ थक्क झाले.

अशा परिस्थितीत हिंदुस्थानचा पहिला संघ समुद्रापार गेला. त्यात बंगालचे पूर्मा बॅनर्जी, मॅरेथॉनसाठी चौगुले व सदाशिव दातार, आणि कुस्तीसाठी कुमार नवले व रणधीर शिंदे हे होते. २२ ऑगस्ट १९२० रोजी मॅरेथॉन झाली. अंतर होते ४२.७५ किलोमीटर, म्हणजे पुढे रूढ झालेल्या ४२.१९५ किलोमीटरच्या पल्ल्याहून अर्धा किलोमीटर अधिक. ४८ धावपटू सुटले. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत पोहोचले आणि एकोणिसावे आले.

पहिला आला फिनलंडचा हान्नेस कोलेमाइनेन. वेळ २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंद. तो हिमाच्या देशाचा. तेथील माणसे पायांना लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून कोसच्या कोस जातात. १९२४ साली शामोनी येथे हिवाळी ऑलिंपिक सुरू झाले, तेव्हा त्यांच्या या दौडीची १८ व ५० किलोमीटरची शर्यत त्यात होती. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये कोलेमाइनेनने तीन सुवर्णपदके जिंकली, तेव्हा त्याचा देश रशियाच्या अमलाखाली होता. अँटवर्पला तो स्वतंत्र फिनलंडचा म्हणून धावला. चौगुल्यांच्या वाट्याला ते भाग्य नव्हते.

दोघांमधील अंतर अठरा मिनिटांचे. किलोमीटरमागे हिशेब केला, तर चौगुल्यांना सुमारे चार मिनिटे लागली आणि कोलेमाइनेनला त्याहून सुमारे पंचवीस सेकंद कमी. एका बाजूस अनेक वर्षांचा शिस्तबद्ध सराव आणि तीन सुवर्णपदकांचा अनुभव. दुसऱ्या बाजूस नुकतीच कोठे झालेली घड्याळाची ओळख. हे ध्यानी घेता पंचवीस सेकंदांचे हे अंतर दमाच्या उणिवेपेक्षा शिक्षणाच्या उणिवेचेच अधिक म्हणावे लागेल.

त्याच अँटवर्पला रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले. पदक एका कुस्तीने हुकले. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली व दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९५२ साली हेलसिंकीस, कोलेमाइनेनच्याच देशात, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. खाशाबांचे नाव महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. चौगुल्यांचे मात्र सीमाभागातील शाळकरी मुलांनाही क्वचितच ठाऊक असते. एकोणिसाव्या क्रमांकाला पदक नसते हे खरे. परंतु आपली माणसे जगाच्या शर्यतीत शेवटपर्यंत टिकतात, हे त्यानेच प्रथम दाखवून दिले. ज्या गावच्या मुलांपाशी आजही दम आहे आणि मैदान नाही, त्या गावच्या शाळेत हे नाव एकदा तरी उच्चारले जावे.