पाषाणातील भेगांचा माग

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त करून कोल्हापूरच्या पेठांनाही हादरा देणाऱ्या भूकंपाच्या कारणांचा शोध घेण्यासाठी, काळ्या कातळाचे थर भेदून खालच्या ग्रॅनाइटात नेलेले तीन किलोमीटर खोलीचे विवर अर्धशतकानंतर, 2017 साली, कोयनेच्या मुलखात पुरे झाले. अशा विवराचा एक तुकडा फुगणाऱ्या रबरी बुचांनी बंद करून खडक तडकेपर्यंत पाण्याचा दाब वाढवावयाचा आणि त्यावरून भूगर्भातील ताण अजमावावयाचा, यातील खडक तडकविण्याची रीत मूळची तेलविहिरींची. 1947 मध्ये अमेरिकेतील कॅन्सस प्रांतात तिचा पहिला प्रयोग झाला. परंतु घट्ट खडकातील तेल काढणाऱ्यास भेग पडली एवढे कळून भागत नाही. ती कोठवर गेली आणि तेल कोणत्या भेगेतून येते, हा खरा सवाल. म्हणून प्रत्येक टप्प्याच्या पाण्यात निराळे रसायन मिसळून वर येणाऱ्या द्रवात त्याचा माग काढतात, किंवा भेगेत भरावयाच्या वाळूस स्कँडियम-46 सारख्या किरणोत्सर्गी द्रव्याची खूण करून विवरात गॅमा किरण मोजतात. आपल्याकडे फार थोड्यांस ठाऊक असलेली, पण अभिमानाने सांगावी अशी गोष्ट ही की, याच स्कँडियमच्या साहाय्याने भारतीय शास्त्रज्ञांनी 1959 सालीच मुंबई बंदरातील गाळाची वाट शोधली होती.