बागेतून घरी काय आणलं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सहलीला निघताना घरात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. डबा घेतला का, आणि येताना काय आणणार? पहिल्याचं उत्तर आईकडे असतं. दुसऱ्याला मात्र मोठा इतिहास आहे, आणि आपल्या पुण्यापुरता तो पर्वतीच्या पायथ्याशी सुरू होतो.

पर्वतीवरचं देवस्थान नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली उभारलं. खाली तळं करवलं, तळ्यात बेट ठेवलं. त्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ साली, गणपती बसला. तोच आपला तळ्यातला गणपती. पुढे तळं गेलं आणि सारसबाग झाली. याच पायथ्याशी सवाई माधवरावांचा शिकारखाना होता. त्यात सिंह होता, गेंडा होता. संगीत सुरू झालं की जवळ येणारी माणसाळलेली हरणं होती, असं त्या काळच्या इंग्रजांनी लिहून ठेवलं आहे. गेंडा काही मुळा-मुठेच्या काठचा रहिवासी नव्हे. दूरच्या मुलखातला प्राणी इथे आणून ठेवायचा आणि पाहुण्यांना दाखवायचा, ही हौस होती. १७९० साली हा हौशी धनी अवघा सोळा वर्षांचा होता, हे लक्षात घेतलं म्हणजे हरणांचं कौतुक जास्त कळतं. एकविसाव्या वर्षी तो गेला. असो.

त्या वेळी पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा वकील होता चार्ल्स मॅलेट. त्याच्या पदरी एक मराठी चित्रकार काम करी, गंगाराम चिंतामण तांबट. १७९० च्या नोव्हेंबरात गंगारामाने शिकारखान्यातल्या गेंड्याचं चित्र काढलं. सिंहाचंही काढलं. पुढे वेरूळच्या लेण्यांची चित्रं केली, पर्वतीचं केलं. मॅलेट विलायतेला परतला तेव्हा असा पुष्कळ ऐवज त्याच्या सामानात होता. आज ती गेंड्याची तसबीर अमेरिकेत, न्यू हेवन गावी, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला संग्रहालयात आहे. थोडक्यात, पुण्याच्या प्राणिबागेतून आठवण म्हणून बाहेर गेलेल्या जुन्यात जुन्या वस्तूंपैकी ही एक. ती विकत घेणारा साहेब सर्वांना ठाऊक आहे. ती करणारा माणूस आपल्याच पेठांमधला, पण त्याच्या नावाची ओळख पुण्यात फार थोड्यांना आहे. मला स्वतःला ती चाळिशीनंतर झाली.

पेशव्यांच्या त्या हौशीचं नाव पुढे पेशवे पार्कने चालवलं. महापालिकेने १९५३ साली ते उघडलं आणि १९५६ साली तिथे फुलराणी धावू लागली. बालकवींच्या कवितेचं नाव धारण करणारी आगगाडी जगात दुसरी असेल असं मला वाटत नाही. आम्ही भवानी पेठेतली मुलं. ईदच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे बासी ईदेला, ईदीचे पैसे मुठीत धरून पीएमटीने पेशवे पार्क गाठायचं, हा आमचा रिवाज.

१९७८ साली रमजान ईद पावसाळ्यात आली होती. मी आठ वर्षांचा, आपा बारा वर्षांची. मी माझे पैसे फुलराणीत दोनदा बसून आणि शेंगदाणे खाऊन संपवले. आपाने एक पैसा खर्च केला नाही. वाघ पाहिला, हत्ती पाहिला, पक्ष्यांच्या पिंजऱ्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि निघताना फाटकाबाहेरच्या बाईकडून मातीचा पोपट घेतला. कसब्यातल्या कुंभारवाड्यातला असावा. हवा इतकी ओली की पोपटाचा हिरवा रंग तिच्या तळहाताला, मेंदीच्या शेजारी, लागला. स्वारगेटला बसची वाट पाहताना मी "मला धरू दे" म्हणून हट्ट धरला. तिने दिला. मी पाडला. घरी अम्मीने विचारलं, "काय आणलंस गं?" आपा म्हणाली, "काही नाही, पैसे हरवले." त्यासाठी तिने बोलणी खाल्ली. मी गप्प बसलो.

आता जरा लांब जाऊ. आपाची मुलगी लग्न होऊन कॅलिफोर्नियाला गेली. २०१४ साली आपा तिच्याकडे राहायला गेली, तेव्हा मुलीने तिला ॲनाहाइमच्या डिस्नेलँडला नेलं. हे उद्यान १९५५ साली उघडलं. त्यात नावेतून जंगल दाखवण्याची सोय पहिल्या दिवसापासून आहे. वॉल्ट डिस्नेच्या मनात आधी खरे प्राणी ठेवायचे होते. पण खरे प्राणी दिवसा झोपतात, झाडीत लपतात. ज्याने तिकीट काढलं त्याला हत्ती दिसलाच पाहिजे, म्हणून यंत्राचे हत्ती आले. १९६३ साली त्याच भागात एक गवती छपराची खोली उघडली. तिच्यात यंत्राचे पोपट गातात, फुलं गातात, कोरीव देवमूर्ती गातात. थंड देशातल्या माणसाने मनात रंगवलेला उष्ण कटिबंध तो. नारळ, पोपट, अननस, आणि डासांचं नाव नाही!

कर्कवृत्ताच्या खाली राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याची गंमत वाटावी. पुणं उष्ण कटिबंधातच येतं. पण आपणही फार ऐटीत राहू नये. ज्या अननसाशिवाय त्यांची सजावट पुरी होत नाही, तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगिजांनी तो हिंदुस्थानात आणला, त्याचं नावही त्यांच्याच जहाजातून आलं. पेरू, पपई, काजू यांची कुळकथाही तीच. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळांची रंगीत टोपली मिळते. कोकणची खूण म्हणून आपण ती घरी आणतो, आणि तिच्यातली निम्मीअधिक फळं परदेशी पाहुणी असतात. मला ती टोपली त्यामुळे अधिकच आवडते.

आपा परत आली तेव्हा मी तिला खोदून खोदून विचारलं. तिने सांगितलेलं माझ्या उपयोगाचं ठरलं, तुमच्याही पडेल. मधल्या बाकावर बसावं, कारण पक्षी चारी बाजूंना आहेत आणि मान दुखते. आत सोडण्याआधी बाहेरच्या अंगणात थांबवतात, तिथल्या मूर्तीही बोलतात. लोक अननसाच्या आइस्क्रीमच्या रांगेत उभे राहून ते चुकवतात. यंत्र कसं हलतं ते शोधत बसू नये, आणि हे खरं आहे असंही मानू नये. "खोटा पोपट खोटा म्हणून बघितला की फार गोड," ती म्हणाली. "खऱ्यासारखा चावत नाही." खरेदीचा तिचा नियम १९७८ चाच होता. आधी सगळं बघायचं, ज्याच्यापुढे पाय थांबले ते आठवायचं, आणि निघताना तेवढं एकच घ्यायचं. माझा उलटा अनुभव आहे. शिरतानाच जे घेतलं ते दिवसभर ओझं म्हणून वागवलं.

तिने पिशवीतून प्लॅस्टिकचा हिरवा पोपट काढला आणि माझ्या हातात दिला. "हा पडला तरी फुटणार नाही," एवढंच बोलली. छत्तीस वर्षांत त्या स्वारगेटच्या पोपटाचा विषय आमच्यात एकदाही निघाला नव्हता. मी पोपट उलटा करून पाहिला. पोटावर चीनमध्ये बनवल्याचा शिक्का होता. आम्ही दोघंही हसलो. पण त्या हसण्यात मला "आपा, चूक माझी होती" हे म्हणायचं राहून गेलं. २०२१ साली ती गेली.

पेशवे पार्कातली जनावरं कात्रजला हलली, तिथलं प्राणिसंग्रहालय १९९९ साली उघडलं. नातवंडांना घेऊन जाल तर सकाळी लवकर जा. उन्हं चढली की वाघ सावलीत पडतो, आणि डिस्नेची अडचण तुम्हाला समजते. तिथून कुणी मातीचं काही विकत घेतलं तर विकणाऱ्याला विचारा, हे कुणी केलं. अनेकदा तो सांगतो. गंगारामाच्या बाबतीत हे विचारणारं त्या काळी पुण्यात कुणी नसावं.

येलच्या संग्रहालयाने गेंड्याचं चित्र संगणकावर सर्वांसाठी खुलं ठेवलं आहे. मागच्या वर्षी मी त्याची प्रत अप्पा बळवंत चौकाजवळच्या दुकानात छापून घेतली. दुकानातल्या पोराने विचारलं, "काका, आसामचा का?" मी म्हटलं, "नाही रे, पर्वतीचा." त्याने पुन्हा एकदा नीट बघितलं. ती चौकट आता माझ्या पुस्तकांच्या फडताळावर आहे आणि तिच्यासमोर आपाचा पोपट. पंखा लागला की तो कलंडतो. मी उचलून पुन्हा उभा करतो.