मणी घडवणारे पाते: टाकाऊ पट्टीने सांगितलेला इतिहास

१/ जर्मनीतील बोडेनझे सरोवराकाठच्या कॉन्स्टान्झ शहरात उत्खननात हाडांच्या असंख्य पट्ट्या सापडल्या. प्रत्येक पट्टीत गोल भोकांची रांग होती. जपमाळेचे मणी कापून घेतल्यावर उरलेला हा मध्ययुगीन कचरा होता.

२/ त्या काळी युरोपात प्रार्थनेची आवर्तने माळेवर मोजली जात. ‘पातेर नोस्तेर’ या लॅटिन प्रार्थनेचे नाव माळेलाही मिळाले. पॅरिसचा अधिकारी एत्येन ब्वालो याने सुमारे १२६८ मध्ये व्यवसायांचे नियम नोंदवले. त्यांत माळ घडवणाऱ्यांचे संघ साहित्यानुसार वेगळे आढळतात: हाड व शिंग, पोवळे व शिंपले, अँबर व जेट.

३/ लाकडाचा मणी कातावर घडवता येई. काठी फिरवायची, धारदार हत्याराने गोलाई द्यायची आणि मणी कापून वेगळा करायचा. येथे प्रत्येक मण्याचा आकार कारागिराच्या नजरेवर व हातावर अवलंबून असे.

४/ हाडाच्या पट्टीवर चालणाऱ्या सामत्याने ही जबाबदारी पात्याकडे सोपवली. पात्याच्या मधोमध लांब टोक असे व दोन्ही बाजूंना अंतर्वक्र धार. टोक दोरा ओवण्याचे छिद्र पाडी. त्याच वेळी धार अर्ध्या मण्याची गोलाई कोरी.

५/ मग पट्टी उलटायची. पहिल्या बाजूने आलेले छिद्र दुसऱ्या कापाचे केंद्र ठरे. दोन्ही काप मधे भेटले की पूर्ण मणी सुटून पडे. पाते एकच असल्याने सारे मणी सारख्या मापाचे निघत.

६/ न्यूरेंबर्गच्या मेंडेल धर्मशाळेच्या पंधराव्या शतकातील चित्रवहीत असा कारागीर कमानीने आडवा दांडा फिरवताना दिसतो.

७/ आज लाकडी मण्यांसाठीही मधे टोक व बाजूंना वक्र धार असलेली पाती वापरतात. लाकडाची अडचण मात्र निराळी आहे. त्याला रेषा असतात; बोथट धार त्या कापत नाही, उपटते. म्हणून घट्ट, बारीक पोताचे लाकूड आणि तीक्ष्ण पाते लागते.

८/ लोखंड गंजते, लाकूड कुजते, मणी माळेसोबत दूर जातात. कारखान्याच्या जागी उरते ती भोकांची पट्टी. भोकाच्या कडेवरून धारेचा आकार कळतो, अर्धवट कापावरून कामाचा क्रम. ज्यांची नावे कोणी लिहिली नाहीत, त्या हातांचे कसब अशा टाकाऊ तुकड्यांतूनच वाचावे लागते.