साथीचा रोग आणि शुश्रूषा करणारे हात



बारावीचा निकाल लागल्यानंतर एक पालक मला भेटावयास आले. त्यांच्या मुलीला नर्सिंगला जायचे होते. त्यांनी विचारले, "सर, कोरोनासारखी साथ पुन्हा आली, तर माझी लेक पहिल्या रांगेत उभी राहणार. तिला पाठवू का?" त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. मी इतिहास शिकविणारा माणूस. म्हणून उत्तर इतिहासातच शोधले. जे सापडले ते आपणापुढे ठेवीत आहे.

प्रारंभ आपल्याच जिल्ह्यापासून करू. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. त्याच्या धास्तीने बीडजवळच्या मामला गावातील लोकांनी दगडामातीची घरे सोडली व बाहेर आसरा घेतला. रिकाम्या घरांत धान्य राहिले आणि त्यावर उंदीर माजले. ऑगस्ट १९९४ मध्ये गावात पिसवांचा त्रास वाढला, उंदीर मरून पडू लागले आणि माणसांना जांघेत, काखेत गाठी येऊ लागल्या. हा गाठीचा प्लेग होता. तो पिसू चावल्याने होतो.

त्याच सप्टेंबरच्या अखेरीस सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली. हा प्रकार निराळा. त्याला उंदीर लागत नाही, पिसू लागत नाही. रोग्याच्या खोकल्यातून उडणारे तुषार जवळच्या माणसाच्या श्वासात गेले की पुरे. वेळीच औषध मिळाले नाही, तर रोगी बहुधा वाचत नाही. सुरतेतून लाखो लोक पळाले. अनेक खाजगी डॉक्टरांनीही दवाखाने बंद करून गाव सोडले. मात्र सरकारी इस्पितळातील कर्मचारी रोग्यांपाशी राहिले. त्यांच्या हाती टेट्रासायक्लिनसारखी औषधे होती, ही फार मोठी गोष्ट. त्यांच्या आधीच्या पिढ्यांना तीही मिळाली नव्हती.

त्या पिढ्यांची हकिगत ऐका. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढे जानेवारी १८९७ मध्ये जे. जे. इस्पितळातील डॉ. मॅन्सर प्लेगने दगावले. त्यांची शुश्रूषा करणारी परिचारिकाही त्याच रोगाने गेली. अंगावर गाठी नाहीत आणि फुप्फुसे मात्र रोगाने भरलेली, हे कसे? त्याच इस्पितळातील डॉ. चाइल्ड यांनी शवविच्छेदने करून फुप्फुसाच्या प्लेगचे स्वरूप जगापुढे मांडले. म्हणजे श्वासावाटे पसरणाऱ्या प्लेगचे ज्ञान आपल्या मुंबईत मिळाले आणि त्याची किंमत सेवा करणाऱ्यांनीच मोजली. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता निवर्तल्या. हे तर आपणा सर्वांना ठाऊकच आहे.

यानंतरचा धडा मांचुरियाने दिला. १९१०-११ च्या हिवाळ्यात तेथे फुप्फुसाच्या प्लेगने सुमारे ६० हजार माणसे मेली. पेनांगमध्ये जन्मलेले व केंब्रिजला शिकलेले तरुण डॉक्टर वू लिएन-तेह यांनी सांगितले की हा रोग हवेतून, श्वासातून पसरतो. सर्वांनी कापूस व जाळीच्या कापडाचा मुखपट्टा बांधावा. मेस्नी नावाच्या नामांकित फ्रेंच डॉक्टरांना ते पटले नाही. मुखपट्टा न बांधताच ते रोग्यांपाशी गेले आणि थोड्याच दिवसांत प्लेगने मरण पावले. मेस्नी धैर्यात उणे नव्हते. पण नुसते धैर्य जंतूला अडवीत नाही.

आता आपल्या काळाकडे वळू. २०२० मध्ये कोरोना आला. त्या वेळी गावोगावी आशा ताई घरोघर फिरत होत्या. भारतीय वैद्यक संघटनेच्या मोजणीप्रमाणे पहिल्या लाटेतच देशातील ७०० हून अधिक डॉक्टर गेले. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्यसेवक मरण पावले असावेत, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने सांगितला.

आरोग्यसेवकांनाच धोका अधिक का? कारणे सरळ आहेत. ते रोग्याच्या अगदी जवळ असतात व तासन् तास असतात. घशातून नमुना घेणे, श्वासनलिकेत नळी घालणे, कफ ओढून काढणे ही कामे करताना रोग्याचा श्वास थेट त्यांच्या तोंडावर येतो. शिवाय रोगाचे निदान होण्याआधीच रोगी त्यांच्यापुढे बसलेला असतो. वॉर्ड कोंदट असेल, तर बारीक कण हवेत बराच वेळ तरंगत राहतात. थकलेल्या हातांनी मुखपट्टा काढताना चूक होते, ती निराळीच.

परंतु ही कारणे कळली, म्हणूनच उपायही कळले. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टा, खेळती हवा, धुतलेले हात, संशयित रोग्यास वेगळे ठेवणे, पुरेशी विश्रांती आणि लस. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले, तेव्हा पहिला मान आरोग्यसेवकांना देण्यात आला तो याचसाठी.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मुंबईच्या प्लेगमुळे १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती करावी लागली. कशासाठी? लोक आरोग्यसेवकांवर हल्ले करीत होते म्हणून! काही ठिकाणी तर घरमालकांनी परिचारिकांना घराबाहेर काढले. रोगाचा धोका निसर्गाने दिला. हा दुसरा धोका मात्र आपण दिला. याची लाज आपणा सर्वांना वाटली पाहिजे.

त्या पालकांना मी आता असे उत्तर देईन : भाईसाहेब, धोका खरा आहे, तो मी लपविणार नाही. पण मॅन्सर यांच्या परिचारिकेला जे ठाऊक नव्हते, ते आपल्या लेकीला पहिल्याच वर्षी शिकवतील. तिला अवश्य पाठवा. तिला निर्भय होण्याबरोबर सावध होण्यासही सांगा. मुखपट्टा, हातमोजे, लस मागणे हा भित्रेपणा नसून तिचा हक्क आहे, हेही सांगा. आणि ती रात्रपाळी करून मोहल्ल्यात परत येईल, तेव्हा दार लावून घेणारे शेजारी आपण होऊ नये, एवढी जबाबदारी आपली.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या त्या वॉर्डात उभे असाल. विज्ञानाचे पुस्तक आज मन लावून वाचा. उद्या तेच तुमच्या व तुमच्या रोग्याच्या जीवाचे रक्षण करील.